नासपतीचं टोपडं

एकोणतीस वर्षं मी फळांना टोपडी घालते.
पांढरी, जाळीची, फोमची.
डाव्या हाताच्या तीन बोटांनी तोंड फाकवायचं,
उजव्या हातानं फळ आत सोडायचं,
की जाळी आपली आपण आवळून बसते.
चुसोकच्या सणाआधीचे वीस दिवस
नाजूच्या आमच्या शेडमध्ये
कुणी कुणाशी बोलत नाही,
फक्त जाळ्यांचं चुर्र चुर्र
आणि मालसुनबाईंचा रेडिओ.

नासपती हे जोखमीचं फळ.
नख लागलं तरी दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग,
जसा अपमान रात्रभर मुरून
सकाळी चेहऱ्यावर येतो.
म्हणून जाळी. जाळीखाली खळग्यांची प्लास्टिकची थाळी,
वरून फोमची चादर, मग पुठ्ठा, मग सोनेरी फीत,
मग ते सगळं उचलायला पिशवी.
नऊ फळं. बाकी नुसता मानपान.

म्हातारे मालक गेले, लेक आली. सेरिम.
पहिल्याच दिवशी तिनं एक खोकं उलगडलं.
फळं एका टोपलीत मावली,
उरलेल्याला तीन टोपल्या लागल्या.
"ओकबुन मावशी, आपण नक्की काय विकतो?"
मी म्हटलं, "पोरी, तुझी फी ह्या टोपड्यांनीच भरलीय."
ती हसली नाही.
मीही नाही.

भाताचं तूस घालून पाहिलं, फळांना वास लागला.
कागदाच्या लगद्याच्या वाट्या केल्या,
शीतगृहात त्या भिजल्या पावासारख्या बसल्या.
कमरेच्या उंचीवरून चाळीस फळं टाकली,
सकाळी मोजली: सतरा डागाळलेली.
सोलच्या मोठ्या दुकानाचा माणूस आला,
वाटीला बोट टोचून म्हणाला,
"भेट म्हणून हे फार गरीब दिसतं."
सेरिमचे कान लाल झाले.
खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं.

हिवाळ्यात भावाकडे गेले, वांदो बेटावर.
त्याची समुद्रात शेवाळाची शेती.
दोरांना काय काय अडकतं, ते तो बादलीत टाकतो.
त्या बादलीतून त्यानं एक जाळी काढली.
"तुमच्याकडचीच ना गं?"
कुणाची, कोण जाणे. अख्खा देश फळांना टोपडी घालतो.
पण माझी तीन बोटं आपसूक आत गेली,
फाकली,
आणि ती ताणली, सोडली, आवळली,
अगदी कालच गठ्ठ्यातून काढल्यासारखी.
अंगावर हिरवं बुळबुळीत, एक चिमुकला शिंपला चिकटलेला,
ताण मात्र जसाच्या तसा.
ज्यानं ते फळ खाल्लं,
तो माणूस तरी आहे का अजून?

मी भावाला काही बोलले नाही. जाळी खिशात घातली.

सप्टेंबरात शिडीवर होते.
झाडावरच्या प्रत्येक फळाला आम्ही कागदी पिशवी बांधतो,
ते सुपारीएवढं असतं तेव्हाच.
ऊन, वादळ, किडे, मॅगपाय पक्ष्यांच्या चोची,
सगळं अंगावर घेत ती चार महिने टिकते.
मग आम्ही ती टराटरा फाडतो, खाली टाकतो,
आणि शेडमध्ये जाऊन जाळी शोधतो.
इतकी वर्षं फाडली, तेव्हा नाही सुचलं.
शिडीवरूनच ओरडले:
"सेरिम! त्याचे कपडे त्याच्याच अंगावर आहेत की!"

लगेच जमलं, असं काही नाही.
पिशव्यांतून मुंग्या निघाल्या. एकीत कोळी,
तोही फुकटात बुसानला गेला असता.
आता झटकतो, तपासतो, चुरगळून पुन्हा गुंडाळतो,
मधे पुठ्ठ्याचे कप्पे.
सतराचे पाच झाले. पाचाचं शून्य होत नाही.
दुकानानं निम्मी ऑर्डर कापली.
एका बाईंनी मात्र कळवलं, की त्यांच्या सासऱ्यांनी
कागदाचा वास घेतला आणि म्हणाले,
बागेत उभा राहिल्यासारखं वाटतं.
सेरिमनं ते भिंतीला डकवलंय.
त्यानं पगार निघत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

कोपऱ्यात जाळ्यांची तीन पोती पडून आहेत.
वापरवत नाहीत, टाकवत नाहीत.
आणि रात्री, मालसुनबाई म्हणतात त्यांचंही असंच होतं,
झोपेत डाव्या हाताची तीन बोटं
अजून फाकतात,
समोर काहीच नसताना.