ताळा

कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी
कंडक्टरने घंटी मारली तेव्हा साडेनऊ झाले होते.
"इथं? आत्ता?"
मग माझ्या केसांकडे बघून, "मावशी, जपून."
आम्ही सहा जण. त्यांतले पाच जणांचे गुडघे तिशीतले.

माघातली त्रयोदशी. चंद्र भरायला दोन रात्री कमी,
पण पायाखालचा मुरूम दिसेल एवढा उजेड.
मुरूम लबाड. चढताना धरून ठेवतो,
उतरताना हात सोडून देतो.
तिसरी टेकडी मी बसूनच उतरले.
इतक्या रात्री कुणाला लाजायचं?

उजव्या हाताला पुणं.
म्हणजे आंबेगाव, नऱ्हे, धायरी,
दर खेपेला थोडे अजून वर चढलेले दिवे.
कुठल्याशा लॉनवरचं लग्न अजून वाजत होतं,
त्यातला फक्त ढोल इथवर पोचत होता.
डाव्या हाताला टोलनाका,
साताऱ्याच्या दिशेने सरकणारे ट्रक.
मधे चपलेएवढी वाट,
आणि तिच्यावर मोज्यांत कुसळं घेऊन आम्ही.

"तेरा टेकड्या, मॅडम," निनाद पोतनीस म्हणाला.
त्याची ही बाविसावी वेळ.
माझी चौथी. आणि दर वेळी माझ्या चौदा होतात.
एकतीस वर्षं कॅश काउंटरवर काढली मी.
रुपयाचा फरक निघाला
तर सगळी शाखा रात्री आठपर्यंत थांबायची.
तेव्हा एक अख्खी टेकडी जास्त
ही गोष्ट मी अशी कशी सोडून देणार?
"सातवी आणि आठवी एकच धरतात," तो म्हणाला.
कोण धरतात?
मधे खिंड आहे. खिंडीत माझा घाम आहे.

नवव्या टेकडीवर (माझ्या दहाव्या)
मृण्मयीने बाटलीतलं कोमट पाणी ओतून टाकलं.
मला एकदम सातवीतला शब्द आठवला, जलविभाजक.
इथून उजवीकडे ओघळलं तर मुठेत,
डावीकडे ओघळलं तर शिवगंगेत, मग गुंजवणीत, मग नीरेत.
आणि दोन्ही घोट भीमेत भेटणार,
नीरा नरसिंगपूरला.
उजवीकडचा तोवर अख्खं पुणं अंगावरून जाऊ देऊन आलेला,
फेसाळलेला, न ओळखता येणारा.
मी हे सगळं सांगत होते,
तोवर मुरुमाने दोन्हीकडचं पिऊन टाकलं होतं.
वीतभर ओल राहिली, तीही डावीकडे.

टॉवरचा लाल दिवा
पहिल्या टेकडीवरून अगदी जवळ होता.
अकरावीवरूनही तेवढाच जवळ.
एका उतारावर जळालेल्या गवताचा वास,
काळा पट्टा, आणि त्यात एक टिटवी,
आमच्यावर ओरडून ओरडून घसा बसलेली.
कुणी बोलत नव्हतं. निनादसुद्धा.
पायच तेवढे एकमेकांशी बोलत होते,
आणि ते काय म्हणत होते ते मी लिहिणार नाही.

डांबरी रस्ता लागला तेव्हा फटफटलं होतं.
गडावर गऊबाई मडकी मांडत होती,
खालच्या कल्याण गावातून डोक्यावर आणलेली.
दही घट्ट, वर मीठ की साखर?
मी तिला विचारलं, टेकड्या नक्की किती.
"कुठल्या टेकड्या?"
हात लांब करून तिने दाखवलं,
"ते आमच्या दिराचं रान. ती गाय पडली ती खिंड.
पलीकडं म्हसोबाचा माळ.
तिथनं पुढं मी कधी गेलीच न्हाई."
शंभराची नोट घेतली, सुटे दिले.
मी मोजले. बरोबर होते.

उतरताना जीपमध्ये मागची खिडकी मिळाली.
डोणज्याच्या अलीकडे सगळी रांग एका नजरेत आली,
उन्हात, उघडी, लपायला काही नाही.
मी बोट लावून सुरुवात केली.
निनाद झोपला होता, तोंड उघडं टाकून.
नऊ, दहा, अकरा,
आणि ड्रायव्हरने वळण घेतलं,
टेकड्या एकीच्या आड एक सरकल्या.

बारा.