संघनन

आटाकामाच्या काठावरची शाळा. दाराखालून वाळू येते.
भिंतीवर पाण्याचे शब्द टाचलेत:
बाष्पीभवन, संघनन, पर्जन्य.

नायारेत समुद्र निळा रंगवते,
मग हिरवा, मग पुन्हा निळा.
पर्जन्याच्या तिरप्या रेघा कोऱ्याच.
"मी नाही पाहिला," म्हणते.

एदुविना बाई काही बोलत नाहीत.

मधल्या शब्दापाशी मात्र तिचा खडू थांबतो:
"हे आमच्याकडे आहे.
डोंगरावर बाबांनी जाळं ताणलंय,
पहाटे धुकं येऊन अडकतं,
आणि पिंपात थेंब थेंब... मी मोजते."

बाई स्टुलावर चढून
तो शब्द काढतात,
तिच्या हाताला येईल इतका खाली लावतात.
एका टाचणीवर तो वाकडा बसतो.

नायारेत खोकं धुंडाळते. निळा नको.
पिंपाच्या तळाचा तांबूस गंज
कुठल्या खडूत असतो?