शीर्षकहीन

गिरणाऱ्याच्या अलीकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून
नवं कलासंग्रहालय झालंय म्हणून
रविवारी आप्पांना घेऊन गेले.
तिकीट साठ रुपये, ज्येष्ठांना निम्मं.
आप्पांनी आधार कार्ड दोनदा दाखवलं,
एकदा मागितलं म्हणून
आणि एकदा कुणी न मागता.

आतल्या चित्रांशी त्यांचं जमलं नाही.
पांढऱ्या भिंतीवर पांढरा चौकोन.
"प्रायमर मारलाय, रंग यायचाय अजून,"
म्हणाले, आणि एसीखालचा बाक धरला.

बाहेर मात्र गवतात लोखंड उभं होतं,
दीड पुरुष उंच, गंजलेलं, अर्धं वळलेलं,
हाक ऐकू आली की नाही
याची खात्री नसल्यासारखं.
पलीकडे नुसतं पाणी.
एक पोरगी ओरडली, "समुद्र!"
आई म्हणाली, "गंगापूर. नळाला येतं ते."

आप्पा चष्मा पुसून जवळ गेले.
सातपूरला एकतीस वर्षं
दुसऱ्यांचे जोड तपासलेला माणूस,
सांध्यावरून बोट फिरवत गेला
तान्ह्याच्या टाळूवरून फिरवावं तसं.
"इथे हात हललाय त्याचा.
इथे चहा आला असणार.
इथून पुढे बघ, एका दमात."

पाटीवर शिल्पकाराचं नाव, साल,
माध्यम पोलाद, शीर्षक : शीर्षकहीन.
जोड मारणाऱ्याचं नाव नव्हतं.
आप्पांनी वाकून पाटीची मागची बाजूही पाहिली.

"हात नका लावू, बाबा."
खिशावर नाव, पुंडलिक बेंडकोळी,
ड्रेस दोन मापं मोठा.
आप्पांनी हात मागे घेतला, बोटावर गंज.
मग कुठले, कोण, कंपनी कोणती,
असं करत दोघं कठड्याला टेकले.
मी मोबाईल काढून परत ठेवून दिला.

"ते बगळे बसलेत ना,
त्याच्या खाली आमचं खळं. आजा दाखवायचा.
मेमध्ये पाणी उतरलं की
विहिरीचा काठ वर येतो, आठ-दहा दिवस.
लोक फोटो काढतात,
विचारतात, हे कुणाचं काम?"

"मग काय सांगता?"

"सांगतो, त्याला हात लावला तरी चालतं."

आप्पा बराच वेळ बगळ्यांकडे बघत राहिले.
मग, कामाचं काही आठवल्यासारखं,
"मेमध्येही तिकीट निम्मंच ना?"