पाण्यातलं दूध

सव्वीस वर्षं मी दुधात पाणी शोधलं.
लॅक्टोमीटर सोडायचा, डोळा रेषेवर आणायचा,
कॅन आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही.
आता डेअरीच्या मागच्या अंगाला
पाण्यात दूध शोधतो.

पहाटे चारला टँकर धुतात, मग क्रेट, मग पनीरचे हौद.
सोडा, कढत पाणी, निवळीचा हिरवट लोंढा.
ओतून दिलेलं दूध दूध राहत नाही,
आंबतं, तवंग धरतं,
ओढ्याचा श्वास पिऊन टाकतं.
शरणव्वा बिराजदारच्या विहिरीत मासे उलटे झाले
तेव्हा ती गेटवर येऊन काही बोलली नाही.
बादलीत घालून आणले होते. ठेवले, गेली.

मग वळसंगच्या माळावर तीन खड्डे खणले.
तळाला जाड प्लॅस्टिक, वर खडी, खडीत
होटगी तलावाच्या काठचं पाणकणीस, थोडी कर्दळ.
कागदावर नाव : कृत्रिम पाणथळ.
मल्लप्पा म्हणतो, गवताचा हौद.
म्हस तोंड लावत नाही असलं गवत, साहेब,
हे दूध पिणार व्हय?

पहिल्या उन्हाळ्यात अर्धं जळालं.
त्रेचाळीस अंश. काड्या वाजायच्या वाऱ्यात.
रजिस्टरात मी लिहिलं : वाढ समाधानकारक.
सव्वीस वर्षांत माझ्या हातची
तेवढीच एक भेसळ.

खडीखाली काय चालतं, दिसत नाही.
मुळं खाली हवा नेतात म्हणे,
आणि मुळांना चिकटलेलं बुळबुळीत काहीतरी
अंधारात सावकाश जेवत बसतं.
या टोकाचं पाणी त्या टोकाला
पाच दिवसांनी पोचतं.
मी चालत जातो, चाळीस पावलं.

पोळ्यानंतर फुटवे आले. दिवाळीपर्यंत कमरेएवढे.
शरणव्वा आली. शेवटच्या नळीखाली ओंजळ धरली,
नाकाशी नेली, बराच वेळ.
"हालु इल्ला," म्हणाली. दूध नाही.
"बरी नीरु."
कानडीत बरी म्हणजे नुसतं.
नुसतं पाणी.
मी ते मराठीत ऐकून घेतलं.

"पिणार नाही मी हे," ती म्हणाली, "कडवळाला घेते."
आणि लुगड्याला हात पुसले.

आज सकाळी रांगेत तिचा कॅन आला.
लॅक्टोमीटर सोडला. डोळा रेषेवर आणला.
तोंडाकडं बघितलं नाही.