लेग., डेट.

आमच्याकडे याला फुझाच म्हणतात. मिशाळ.
मिशा अंगाइतक्या लांब, तोरा त्याहून लांब.
अळी तीन वर्षं सडक्या लाकडाच्या अंधारात काढते
आणि भुंगेरा होऊन तीन आठवडे
पांढऱ्या फुलांच्या छत्रीवर बसते, परागानं तोंड माखून.

स्नीनाच्या संग्रहालयात, तळघरात,
वेंडेलीन पेत्रुंचाकचे चौसष्ट ड्रॉवर माझ्या वाट्याला आले.
डांबरगोळ्यांचा वास, बॉयलरची धुसफूस.
काम सोपं आहे, संचालक म्हणाले,
एकच प्रजाती, झेलमीरा. जुनी नावं काढायची, नवी लावायची.

भिंगाखाली तोच प्रवास पुन्हा पुन्हा.
डोळ्यांमागे मान आवळलेली? असेल तर दोनवर जा.
छाती घंटेसारखी? तीनवर.
पंख मागे निमुळते, जसा उसना कोट
खांद्यात बसतो आणि खाली पुरत नाही? चारवर.
चारवर मी अडते.
चार विचारतं : पंखाचं टोक छाटलेलं की गोल?
आणि निम्मी टोकं अशी
की त्यांनाच विचारलं तर म्हणतील, काय सांगू बाई.

प्रत्येक टाचणीला चिठ्ठ्यांची चळत.
आडनाव आधी, नाव मागून, ही लॅटिनची रीत.
नाव टिकलं.
आडनाव बासष्टला एक, एकोणऐंशीला दुसरं,
पुढे कुणी ते मोडून तिघांत वाटलं,
भावकीत भांडी वाटावी तसं.
किड्याला खबर नाही. त्याचा एक पाय गळालाय, तेवढंच.

ड्रॉवर एकवीस : तांबडे, एकशे अकरा.
ड्रॉवर बावीस : पिवळट, अंगानं बारीक, त्र्याण्णव.
सुबक शाईत दोन वेगळ्या जाती.
डेट. पेत्रुंचाक. डेट. पेत्रुंचाक. डेट. पेत्रुंचाक.
डेट. म्हणजे ओळखलं कुणी.
लेग. म्हणजे पकडलं कुणी.

बावीसच्या कोपऱ्यात, कापसाखाली, एक कार्ड.
त्यावर दोघं चिकटवलेली,
तांबडी खाली, पिवळा वर,
मरतानाही सुटली नव्हती.
शिसपेन्सिलीत, उतरत जाणाऱ्या अक्षरात :
उलिच, कुरणाची कड, सहा जुलै. लेग. हर्मीना पे.
आणि मागच्या बाजूला,
ही नवराबायको आहेत, वेंडो.

आता हे किल्लीच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं :
नर पिवळे, माद्या तांबड्या.

मी मोजलं. दोनशे चारांपैकी
एकशे सत्तर टाचण्यांवर लेग. हर्मीना.
डेट. मध्ये एकदाही नाही.
तिचं आडनाव आयुष्यात एकदाच बदललं,
त्याचंच, मागे शेपूट लावून.
पण त्यानं कार्ड फेकलं नाही.
तेही नोंदवलं पाहिजे. कापसाखाली ठेवलं.

म्हातारे ओनुफर, जुने पहारेकरी, म्हणाले,
बाई फांदी हलवायच्या, साहेब खाली छत्री उलटी धरायचे.
भांडायचे का? भांडायचे की.
आम्हाला कळू नये म्हणून रुसिनमध्ये.
आम्हाला रुसिन येत होतंच.

आज दोन ड्रॉवरचा एक केला.
तांबड्यांच्या रांगेत पिवळे सरकवताना
चिमट्याचा हात जरा कापला, मला कॉफी जास्त होते.
कार्डाखाली नवी चिठ्ठी :
डेट. हर्मीना पेत्रुंचाकोवा.
पुढे साल लिहायचं असतं.
तिनं लिहिलेलं नाही, ओनुफरना आठवत नाही.
मी जागा कोरी ठेवली.
महिनाअखेरीला संचालक विचारतील.

चारवर अजून सात जण अडलेत.