रकाना सहावा

कोतवाल आहे मी. साहेबांची बॅग माझ्या डोक्यावर,
कारण खाली ठेवावी अशी कोरडी वीत
आज चौथ्या दिवशीही गावात नाही.
साहेब विचारतात, गाव सांगतं,
मधली ओळ माझी.

रकाना पहिला : नाव. डोमा मांढरे.
दुसरा : घर कुडाचं की विटांचं?
डोमाच्या बायकोनं, इठाबाईनं, चूल दाखवली.
तेवढीच राहिली आहे तिथं.
कुडाचं होतं, मी म्हणाले.
आहे का ते सांगा, साहेब म्हणाले, होतं-बितं नको.

असं करत सहाव्यावर आलो :
घरात पाणी किती तास थांबलं?

आता काय सांगायचं.
त्या संध्याकाळी गावात थेंब नव्हता, चांदण्या होत्या.
वर टेकाडांमागे दिवसभर कोसळला असणार
आणि मामा तलाव गुपचूप पीत राहिला असणार.
माजी मालगुजारी तलाव, असं दप्तरात आहे;
आमच्या तोंडी नुसता मामा.
भाच्यांना पोहायला शिकवणारा, शिंगाडे देणारा,
वरच्या अंगाला निजलेला.
सांडव्याशी पाळ झिरपते, हे मीच दोनदा लिहून दिलं होतं.
पोच आहे माझ्याकडे. ओली झाली, पण आहे.
साडेआठला पाळ फुटली
आणि मामा न सांगता घरी आला.

"तास का सांगू जी," इठाबाई म्हणते,
"भात ठेवला तं पानी नव्हतं.
मीठ आनाले गेली, मांगं पाह्यलं तं गंज नव्हता."

डोमा तेव्हा घरी नव्हता.
नुकत्या रोवलेल्या बांध्यांवरून डोंगा कधी चालत नाही,
त्या रात्री चालला.
पहिल्या खेपेला अंथरुणावरची सगुणाबाई, गादीसकट.
दुसऱ्या खेपेला मास्तरांची दोन्ही पोरं.
तिसरीला गोपिका; ती शेळीशिवाय बसेना,
म्हणून शेळीही.
चौथ्या खेपेला डोंग्याच्या बुडाला चिखल लागला.
पाणी निघून गेलं होतं,
जाताना त्याचं घर घेऊन.

चाळीस मिनिटं, मी म्हणाले.
साहेब वाईट माणूस नाहीत. पेन थांबला त्यांचा.
चाळीस मिनिटं तासांत कशी बसवू, बाई?

दुसऱ्या दिवशी टोलीवरच्या बाया
भाताचे गंज डोक्यावर घेऊन गुडघाभर गाळातून आल्या होत्या.
त्यांची आमची तीन वर्षं बोलाचाल नव्हती, गुरांच्या वाटेवरून.
कोणी काही बोललं नाही. वरण तिखट होतं.
तिसऱ्या दिवशी तालुक्याहून ट्रक आला.
बिस्किटं, मेणबत्त्या, आणि साड्या एकसष्ट,
सगळ्या एकाच ताग्याच्या, जांभळ्या, पिवळी बुट्टी.
आता पाठमोरी कोण कोणाची माय, कळत नाही.
मास्तरांची धाकटी काल माझा पदर धरून
अख्खी गल्ली चालली, मग वर पाहिलं,
आणि सोडला नाही.

बाकी रकान्यांत भांडी आहेत, कोंबड्या आहेत,
धान किती आर.
मासळी नाही.
तलाव ढिवरांच्या संस्थेचा, बीज त्यांनी सोडलेलं,
आणि तलाव आता एक मोठी भेगाळू लागलेली परात.
रोहू, कटला, सगळं आमच्या बांध्यांत, मोरीत,
शाळेच्या वऱ्हांड्यात सापडलं.
दोन रात्री गावानं चुपचाप खाल्लं. मीही खाल्लं.

मग आज सकाळी गोपिका आली डोमाकडे,
प्लास्टिकच्या बादलीत एक मासा, कल्ले हलणारा.
"तुजाच हाय," म्हणाली, "माज्या धानात होता."
तिच्यामागं अजून कोणी. मग अजून.
मेल्या माशांचेही दोघांनी आणून दिले. मी पैसे दिले.
डोमानं तोंड फिरवलं आणि हिशेब नीट मोजून घेतला.

साहेब, सहावा रकाना सध्या कोरा ठेवा.
जेवून घ्या, टोलीवरचा भात आहे अजून.
मला शाळेमागच्या टाक्याशी बसायचं आहे;
अकरा मासे आहेत त्यात,
आणि पुरातून गावातली मांजरं तेवढी
सगळीच्या सगळी वाचली आहेत.