एक हजार सव्वीस

चार दिवस झाले, काटा हलत नाही.
हायड्रोमीटर म्हणतो एक हजार सव्वीस.
परवा सव्वीस, काल सव्वीस,
आज डोळे चोळून पाहिलं तरी सव्वीसच.

बाहेर त्रेचाळीस. अशोक चौकात
डांबर चपलेला धरून ठेवतंय,
आणि मी न्हाणीत, टबातल्या कॅनला
ओले टॉवेल गुंडाळतोय,
आपल्याच लूमवरचे, काठ चुकलेले.
रोज रात्री बर्फाच्या आठ बाटल्या.
उन्हानं यीस्ट मरेल, ही धास्ती.

एअरलॉकात पाणी निमूट.
पहिल्या रात्री इतकं बोलत होतं
की नरसक्कानं भिंतीवर थाप मारून विचारलं,
नळ गळायलाय की काय रे?

शेवटी अण्णा आले.
तीस वर्षं रंगाच्या हौदाशी गेलेली,
बिअरची चव ठाऊक नाही.
काही न विचारता कॅनला कोपर टेकवलं.
"गार पडलंय की हे.
सोलापुरात, मे महिन्यात,
थंडीनं मारायलास होय ह्याला?"

बर्फ काढला.
टॉवेल दोरीवर टाकले, पाच मिनिटांत कडक.
कॅन हलकेच फिरवला,
तळाचा गाळ उठेल इतकाच, हवा न शिरू देता,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसा.
मग दोघं उंबऱ्यावर.

लाईट गेली.
गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले
आणि अण्णांनी हात वर केला:
ऐक.

टुब्.

नुसता अडकलेला वायू असेल.
सव्वीस की पंचवीस, ते परवा मोजल्यावर कळणार.
मी काही बोललो नाही.
अण्णा दुसऱ्याची वाट बघत होते.